माझं नाक आणि विहीणबाईंचं नाक

माणसाच्या नाकावर विश्वास ठेवू नये, हे मी अमरावतीच्या एका कॉलेजात बरीच वर्षं शिकवत आलो आहे.

मानसशास्त्रात संवेदनाचं प्रकरण आलं की माझा एक हुकमी प्रयोग असतो. साध्या पाण्याची बाटली उघडायची आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचं, "यात निलगिरीचं तेल आहे. वास आला की हात वर करा." आधी पुढचे बाक हात वर करतात, मग मागचे. (एका पोराला तर शिंकही आली.) मग मी सांगतो, नाक नुसतं हुंगतं, वास कसला ते मेंदू ठरवतो, आणि मेंदूला कोणीही काहीही पटवू शकतं. ही गोष्ट घडली त्याच आठवड्यात हा प्रयोग रंगला होता, त्यामुळे मी जरा हवेतच होतो.

त्या रविवारी अकोल्याची मंडळी राजापेठेतल्या आमच्या घरी आमच्या मुलीच्या, स्नेहलच्या साक्षगंधाची (म्हणजे साखरपुड्याची) तारीख धरायला येणार होती. मुलाला मुलगी पसंत, मुलीला मुलगा पसंत. अडलं होतं फक्त मुलाच्या आईच्या होकारावर. बाई कडक आहेत, असं कानावर आलेलं. आमच्या हिने, प्रमिलाने, सकाळीच बजावलं, "आज तुमी वर्ग घेऊ नका."

ऊन मी म्हणत होतं. प्रमिला ओट्याशी घामाघूम झालेली पाहून मी (प्रेमाने!) कूलरचं तोंड स्वयंपाकघराकडे वळवलं. ती चहाचं आधण मंद आचेवर ठेवून साडी बदलायला आतल्या खोलीत गेली. मी बैठकीतच बसून राहिलो. कूलर असा काही घोंघावत होता की दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

पाहुणे आले. आमच्या घरी कुठलंही चांगलं काम बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावून, वंदना घेऊनच सुरू होतं. मी काडीपेटी उघडली. विहीणबाई अजून उंबरठ्यातच होत्या. तिथूनच म्हणाल्या, "गॅसचा वास येऊन राहिला."

मी हसलो. मग मुलाच्या वडिलांनाही वास आला, मग मुलाला. पुढचे बाक, मग मागचे! मी काडी हातात धरूनच समजावायला लागलो, की हा मनाचा खेळ आहे, एकाने म्हटलं की सगळ्यांना येतो. पुरावाही दिला. "मी सकाळपासून इथंच बसून आहो. मले कावून येत नाही मग?"

"म्हणूनच येत नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या नाकाले सवय झाली. मी आत्ता बाहेरून आली."

माझी काडी पेटीला टेकलेली होती आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. तोच तो वास नाकावर सारखा येत राहिला की नाक त्याची वर्दी देणं बंद करतं! हे पुढचंच प्रकरण. सोमवारी मीच शिकवणार होतो. पण हात तिथेच थिजला, पुढे जाईना की मागे येईना. विहीणबाईंनी माझं मनगट धरलं आणि बोटांतून काडी काढून घेतली. "बटनाले कोणी हात लावू नका," एवढंच म्हणून त्या आत गेल्या, शेगडीची कळ बंद केली, खिडक्या उघडल्या. कूलरच्या वाऱ्याने आच कधीच विझली होती.

आम्ही सगळे भर उन्हात रस्त्यावर उभे. आम्हाला बघायला गाड्या थांबायला लागल्या. घर उडालं असतं या विचारापेक्षाही जास्त भीती मला स्नेहलकडे बघायची वाटत होती. पोरगी पदराआड रडत होती. मीच तिचं जमलेलं लग्न मोडलं, हे मी मनात पक्कं करून टाकलं.

विहीणबाई हात पुसत बाहेर आल्या. स्नेहलला जवळ घेतलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तारीख लवकरातली लवकर धरा. पोरीले या घरात जास्त दिवस ठेवणं बरं नाही."

साक्षगंध थाटात झालं. हार, पेढे, पाहुण्यांची उठबस, सगळं मला सांभाळायला दिलं होतं. काडीपेटी तेवढी विहीणबाईंनी अकोल्याहून स्वतःच्या पर्समध्ये आणली होती.