थोरलीचा जून

बहारीनला, नईम भागातल्या आमच्या घरात एका तारखेवरून चार दिवस अबोला होता. तारीख माझ्या सासूबाईंच्या पासपोर्टवरची, जन्माची. ती बदलायची की तशीच ठेवायची एवढाच प्रश्न. नवरा म्हणत होता बदलायची, सासूबाई म्हणत होत्या हात लावायचा नाही, आणि मी दोघांवरही चिडलेली होते. राग तसा माझ्या नाकावरच असतो.

ही गोष्ट एकोणीसशे ब्याऐंशीच्या मार्चमधली. नवरा तिथल्या मनामा शहरात एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन होता. रेघ सुताएवढी हलली तरी अख्खा कागद टाकून पुन्हा काढणारा माणूस. मुलगी आठ वर्षांची, इंग्रजी शाळेत. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर मात्र इंग्रजीतून यायचं. सासूबाई साताऱ्याकडच्या खेड्यातून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना इंग्रजी शून्य. तरी आजी आणि नात दिवसभर बोलत असायच्या, एक मराठीत आणि एक इंग्रजीत, आणि दोघींचं काही अडत नसे. अडायचं ते माझं. भाकरी तव्यावर टाकून मला मध्ये दुभाषी म्हणून उभं राहावं लागे.

मुलीच्या शाळेने एक काम दिलं होतं. आजी किंवा आजोबा, कुणी एक निवडायचा. त्यांचा जन्म ज्या महिन्यात झाला त्या महिन्यात जगात काय काय घडलं, कोण नावाजलेली माणसं जन्मली, हे शोधून मोठ्या कार्डावर मांडायचं. मुलीने आजी निवडली, कारण आजी घरातच होती.

मी तिला सांगितलं, ‘आधी आजीची तारीख बघू, खरी आहे का ते.’ याला कारण होतं. नवऱ्याच्या ऑफिसात तिघे मराठी होते आणि तिघांचाही वाढदिवस एक जूनला. जून महिन्यात शाळा उघडायची, बाप पोराला दंडाला धरून घेऊन यायचा, जन्मतारीख विचारली की डोकं खाजवायचा, आणि मास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे. ऑफिसातल्या इंग्रज साहेबाला वाटायचं, या मुलखात बायका ठरवून एकाच दिवशी बाळंत होतात. आमच्या बहारीनी घरमालकाचा वाढदिवस एक जानेवारीला असे. नवऱ्याने त्याला एक जूनची गंमत सांगितली तेव्हा तो म्हणाला, ‘आमचा मास्तर थंडीत आला असेल,’ आणि स्वतःच हसत सुटला.

सासूबाईंच्या पासपोर्टवर महिना जूनच होता, साल बत्तीस, पण तारीख एक नव्हती. महिन्याच्या मधली कुठलीतरी होती. म्हणून मी ती खरी धरली. मास्तरांना एवढी आडवळणाची तारीख सुचायची नाही, हा माझा हिशेब. मुलीला म्हटलं, ‘कर सुरुवात.’

आणि काय बोलाफुलाला गाठ पडावी, पहिल्याच दिवशी मुलगी शाळेच्या वाचनालयातून धावत आली. बहारीनमध्ये तेल लागलं तो महिना जून एकोणीसशे बत्तीस. आजी आणि तेल एकाच महिन्यातलं. तिच्या बाईंनी म्हणे वर्गासमोर सांगितलं की हे कार्ड दारासमोरच्या भिंतीवर लागणार. त्या दिवसापासून मुलीची मान ताठ झाली. गल्लीतल्या वाण्याच्या दुकानात, तिथल्या भाषेत कोल्ड स्टोअरमध्ये, पाव आणायला गेली तरी दुकानदाराला सांगून यायची की माझी आजी आणि तुमचं तेल बरोबरचे आहेत.

मग रोज दुपारी जमिनीवर कार्ड पसरलं जायचं. मुलगी लिहायची, सासूबाई शेजारी बसून कोथिंबीर निवडायच्या, आणि मी ओळी मराठीत सांगायची. त्या महिन्यात आपला क्रिकेटचा संघ इंग्लंडात पहिली कसोटी खेळला. जर्मनीत सरकार बदललं. सयामच्या राजाची एकछत्री सत्ता गेली.

‘मेला व्हय राजा?’ सासूबाईंनी विचारलं.

‘नाही, गादी राहिली. अधिकार गेले.’

‘म्हंजे सून आल्यावर सासूचं हुतं तसं,’ त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून कोथिंबिरीची जुडी हलवली.

उजवीकडे जन्मांचा रकाना होता. कुणी नाटककार, कुणी संगीतकार, कुणी नट, सगळे लांबलांबच्या देशातले. ती नावं ऐकून सासूबाई एवढंच म्हणायच्या, ‘जगली म्हणायची ही समदी.’ मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचं बोलणं. पण त्यांची चौकशी मात्र वाढत चालली होती. पाऊस कसा झाला होता त्या महिन्यात, ते लिहिलंय का? धान्य महाग होतं का? मी मनात म्हटलं, बाईंना अभिमान वाटतोय. जन्मात कधी कुणी यांचा वाढदिवस केला नाही, आता नात कार्ड करतेय, तर सुख घेतायत. आपल्याला किती थोडं कळतं, हे नंतर कळतं.

शुक्रवारी सुट्टीमुळे नवरा घरी होता. सासूबाईंच्या पासपोर्टची पाच वर्षं संपत आली होती, म्हणून तो वकिलातीचा फॉर्म घेऊन टेबलाशी बसला होता. जमिनीवर मुलीचं कार्ड चाललं होतं. शेवटचा एक चौकोन रिकामा होता, त्यात आजीच्या जन्माची गोष्ट लिहायची होती. तिने विचारलं, ‘आजी, हू हेल्ड यू फर्स्ट?’ मी सांगितलं, ‘जन्मल्यावर तुम्हाला पहिल्यांदा कुणी घेतलं, विचारतेय.’

सासूबाईंनी हातातली जुडी परातीत ठेवली. ‘मला न्हाई घेतलं कुणी,’ त्या म्हणाल्या. ‘त्या म्हैन्यात मी जल्मलेच न्हाई. ती तारीख थोरलीची हाय.’

नवऱ्याने पेन खाली ठेवलं. त्याच्या आईला मोठी बहीण होती हे त्याला बत्तिसाव्या वर्षी कळत होतं.

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. थोरली पहिलटकरणीची मुलगी, म्हणून आजोळी जन्मली. आजोबा गावचे पोलीस पाटील. गावातले जन्म आणि मृत्यू त्यांच्याच वहीत लिहिले जायचे. त्यांनी नातीची तारीख स्वतः लिहिली, आणि जावयाला चिठ्ठीवर लिहून पाठवली. दोन वर्षांनी सासूबाई जन्मल्या तोवर आजोबा गेले होते. त्यांचा जन्म कुणी लिहिला नाही. गौरी जेवायच्या दिवशी, आईचं पुरण चुलीवर असताना, एवढंच सांगितलेलं. थोरली सात वर्षांची झाली आणि शाळेत जायला लागली. पावसाळ्यात तिला ताप आला आणि पाच दिवसांत ती गेली. पुढच्या वर्षी वडील धाकटीला शाळेत घेऊन गेले. मास्तर म्हणाले, नाव पटावर आहेच, कशाला कापायचं, तीच बसू द्या. वडील काही बोलले नाहीत. चार यत्ता सासूबाई बहिणीच्या नावाने हजेरीला ‘हजर’ म्हणाल्या. घरी त्यांना त्यांच्या नावाने हाक मारायचे, शाळेत तिच्या.

‘पयल्या दिशी मी वळून बघितलं,’ त्या म्हणाल्या. ‘मला वाटलं ती आली.’

मुलगी माझ्याकडे बघत होती, यातलं किती कळलं कोण जाणे.

नवऱ्याने फॉर्म पुन्हा पुढे ओढला आणि तो त्याच्या स्वभावाप्रमाणे वागला. ‘म्हणजे चुकीची तारीख आहे,’ तो म्हणाला. ‘दुरुस्त करून घेऊ. प्रतिज्ञापत्र द्यायचं, वकिलातीत सही करायची. नूतनीकरण होतंच आहे. गौरीपूजनाची तारीख पंचांगावरून काढता येईल.’

‘नगं,’ सासूबाई म्हणाल्या.

‘आई, तुला तुझा स्वतःचा वाढदिवस नको?’

त्यावर त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. नवऱ्याला वाटलं, आईला कागदपत्रांची भीती वाटतेय. मग चार दिवस तो समजावत राहिला आणि त्या गप्प राहिल्या. मला त्याचा राग येत होता, आणि खरं सांगायचं तर त्यांचाही. नको तर नको, पण का नको ते सांगा की. मनातलं बोलायचं नाही आणि समोरच्याने ओळखायचं, ही त्या पिढीची रीत मला कधी पटली नाही. मुलीचं आणखी निराळं. कार्ड गुंडाळून तिने कपाटाच्या मागे टाकलं होतं. ‘बट मम्मी, इट्स नॉट ट्रू,’ एवढंच तिचं म्हणणं. दारासमोरच्या भिंतीवर खोटं लावायला ती तयार नव्हती. बापाचीच लेक.

पाचव्या दिवशी दुपारी मी सासूबाईंना सरळ विचारलं. आम्ही गच्चीत कपडे वाळत घालत होतो. म्हटलं, ‘आई, ते तुमच्या भल्याचंच बोलतायत. एक तारीख तर आहे. बदलली तर काय होतं?’

त्यांनी नवऱ्याचा शर्ट झटकला आणि दोरीवर टाकला. मग चिमटे लावता लावता बोलल्या, माझ्याकडे न बघता. ‘तिचा फोटू न्हाई. आजोबाची वही पुराच्या पाण्यात गेली. आई न्हाई, बाप न्हाई. तिचं नाव माझ्याकडं हुतं, ते लगीन झाल्यावर सासरच्यांनी बदाललं. ऱ्हायली ती तारीख. तीबी खोडली तर ती जल्मलीच नव्हती असं हुईल. मला तुम्ही हायसा. तिला कोण हाय?’

माझ्या हातातला ओला टॉवेल तसाच राहिला. लग्नात नाव बदललं तेव्हा मीही दोन दिवस रडले होते, पण ते माझं स्वतःचं नाव होतं. या बाई दुसऱ्याचं नाव सांभाळत सासरी आल्या होत्या आणि तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं तेव्हा जुनं कुणाचं जातंय हे मांडवात कुणालाच ठाऊक नव्हतं. मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. आमच्याकडे सासूला असं जवळ घेत नाहीत. मी घेतलं. त्या आधी अवघडल्या, मग म्हणाल्या, ‘टावेल वला हाय गं,’ पण बाजूला झाल्या नाहीत.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा मी त्याला चहाही न देता सगळं सांगितलं. तो ऐकत होता. हातपाय न धुताच टेबलाशी गेला, फॉर्म पुढे ओढला, आणि नकाशावर लिहितो तशा सुबक, सरळ अक्षरात त्याने तीच तारीख लिहिली. दुसऱ्या दिवशी त्याने आईला सहीला बसवलं. आयुष्यात त्याने जाणूनबुजून लिहिलेली ही एकच चूक असेल.

मुलीला समजावणं मला अवघड जाईल असं वाटत होतं. मी जमिनीवर बसून तिला सगळं मराठीतच सांगितलं, कारण हे इंग्रजीत मला आलं नसतं. आजीची बहीण होती. ती तुझ्याएवढी असताना गेली. तिने मधेच विचारलं, ‘माझ्याएवढी?’ मराठीत. मग ती उठली, कपाटामागून कार्ड काढलं, आणि वरच्या मोठ्या अक्षरांतल्या ‘माय ग्रँडमदर’ या शब्दांपुढे तिने एक शब्द जोडला. आता ते आजीच्या बहिणीचं कार्ड झालं. ‘नाउ इट्स ट्रू,’ ती म्हणाली.

मग तिने पेन आजीच्या हातात दिलं आणि जन्मांच्या रकान्यात सगळ्यात खाली बोट ठेवलं. ‘आजी, राइट हर नेम.’ हे मला सांगावं लागलं नाही. सासूबाई चष्मा लावून कार्डावर वाकल्या. चौथीनंतर त्यांनी पेन धरलं असेल ते सहीपुरतंच. पण ते नाव त्यांनी एका दमात लिहिलं, बालबोध, वर रेघ नीट ओढून, मास्तरांनी शिकवलं असेल तसं. परदेशच्या नाटककारांच्या आणि नटांच्या खाली ते उभं राहिलं. ते नाव मी इथे लिहीत नाही, ते त्यांचं दोघींचं आहे.

मुलगी बोटांवर काहीतरी मोजत होती. ‘आजी,’ ती म्हणाली, ‘ती असती तर जूनमध्ये फिफ्टी.’

‘म्हंजे?’

‘पन्नास,’ मी सांगितलं.

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या लेखी ती अजून सातच वर्षांची होती.

‘पन्नास,’ त्या म्हणाल्या. ‘केस पिकलं असतं की गं तिचं.’ आणि मग त्या रडल्या.