क्रम चुकला नव्हता

माझ्या तिन्ही बॅगांवर बाबांनी आकडे चिकटवले होते. एक, दोन, तीन. पांढऱ्या कागदाचे चौकोन, निळी शाई, वरून चिकटपट्टी. "तिथे पोचल्यावर याच क्रमाने उघडायच्या," ते म्हणाले. पहिलीत चादर, टॉवेल, साबण आणि दोन दिवसांचे कपडे. दुसरीत पुस्तकं आणि कागदपत्रांच्या प्रती. तिसरीत आईने भरलेलं सगळं, म्हणजे मेतकूट, भाजणी, गोडा मसाला आणि एक पोळपाट, जो नको असं मी चारदा सांगितलं होतं. मुंबई विमानतळावर नेणारी गाडी कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी उभी होती आणि बॅगा डिकीत कोणत्या क्रमाने ठेवायच्या हे बाबा ड्रायव्हरला समजावत होते. ड्रायव्हर म्हणाला, "काका, मी रोजच ठेवतो." बाबा म्हणाले, "मग रोजच चुकीच्या ठेवत असाल."

आई रडत होती. पहिल्या मजल्यावरचे देवधर काका गॅलरीतून हात हलवत होते. बाबा मुंबईपर्यंत आले नाहीत. "येताना एकटा काय करू गाडीत?" एवढंच बोलले. गाडी वळली तेव्हा ते माझ्याकडे नाही, डिकीकडे बघत होते.

तुमच्यापैकी जे तिकडे पुण्यातच राहिलात आणि जे माझ्यासारखे बॅगा भरून निघालात, त्या सगळ्यांना हे सांगायचं आहे. माझं जाणं त्या गाडीपासून सुरू होत नाही. ते त्याच्या सव्वा वर्ष आधी सुरू होतं, मार्चमधल्या एका सोमवारी, आमच्या जेवणाच्या टेबलाशी.

बाबा एका ज्युनिअर कॉलेजात हेडक्लार्क होते. निवृत्त झाल्यावरही दर जूनमध्ये अकरावीचे फॉर्म भरायला अर्धी सोसायटी आमच्या टेबलाभोवती बसलेली असे. सगळं ऑनलाइन झालं, तरी बाबा आधी कागदावर रेघा मारून कॉलेजांचा पसंतीक्रम लिहायला लावत. लाकडी फुटपट्टी, टोक काढलेली पेन्सिल आणि ठरलेलं वाक्य: "पहिल्या नंबरला स्वप्न लिहायचं नसतं, जागा लिहायची." मुलं घाबरायची, त्यांच्या आयांना बरं वाटायचं. आमच्या घराला त्या महिन्यात एक रुबाब असे.

मला मानसोपचारातच पुढे शिकायचं होतं. एमबीबीएसनंतर भारतात माझ्या मार्कांना त्या विषयाची जागा मिळेना, दुसरं काहीतरी मिळत होतं आणि ते मला नको होतं. म्हणून अमेरिकेच्या परीक्षा दिल्या. "वेड्यांची डॉक्टर?" असं बाबांनी एकदाच विचारलं. नंतर ते लोकांना "मेंदूची डॉक्टर" म्हणून सांगू लागले. आईची शंका वेगळी होती: "लोकांचं ऐकूनच घ्यायचंय, तर एवढ्या लांब कशाला जायचं? पुण्यात काय लोक बोलायचे थांबलेत?"

अमेरिकेतली पद्धत अशी. हॉस्पिटलं आधी मुलाखती घेतात. मग आपण त्या हॉस्पिटलांची यादी आवडीच्या क्रमाने भरायची, ती आपल्यासारख्यांची यादी त्यांच्या क्रमाने भरतात आणि संगणक दोन्ही याद्या जुळवतो. याला मॅच म्हणतात. सोमवारी फक्त जुळलं की नाही एवढंच कळतं, कुठे ते शुक्रवारी. सोमवारचा मेल आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला येतो.

पहिल्या वर्षी मला पाच मुलाखती मिळाल्या. मनात असेल तोच क्रम लिहावा, हुशारी करून काही मिळत नाही, असं नियमांत स्वच्छ लिहिलेलं होतं. पण बाबांनी फुटपट्टी काढली आणि त्या फुटपट्टीपुढे आमच्याकडे कोणी बोलत नसे. मला सगळ्यात आवडलेलं हॉस्पिटल पाचव्या नंबरला गेलं. ज्यांनी मुलाखत संपताना हसून निरोप दिला होता, ते पहिल्या. अख्ख्या सोसायटीला तारीख माहीत होती. आईने पेढे आणून ठेवले होते.

साडेसातला मेल आला. खेद वाटतो, कुठेही जुळलं नाही. बाबांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. मग फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "क्रम चुकला. माझा क्रम चुकला."

इथे मला थांबायला हवं, कारण इथेच मी वाईट वागले. क्रमाने असं होत नाही. क्रम चुकला तर फार तर कमी आवडीचं हॉस्पिटल मिळतं. काहीच न मिळण्याचा अर्थ एकच असतो, की पाचपैकी एकाही ठिकाणी त्यांना मी पुरेशी पसंत पडले नव्हते. हे मला त्या क्षणी ठाऊक होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य मला स्वतःलाच ऐकवत नव्हतं आणि समोर एक माणूस आपणहून दोष घ्यायला तयार होता. मी फक्त "हं" म्हटलं. खोटंसुद्धा बोलले नाही बघा, इतकी भित्री.

आईने पेढ्यांचा पुडा फ्रिजमध्ये मागे सरकवला. दुसऱ्या दिवशी जिन्यात देवधर काकांनी विचारलं, "काय, अमेरिकेतही पुरवणी परीक्षा असते वाटतं?" मी हसले. त्यानंतर वर्षभर मी जिना वापरायचं सोडून लिफ्ट वापरली.

पुन्हा अर्ज करायचा, मधल्या काळात अनुभव घ्यायचा, असं ठरलं. हडपसरपलीकडे, मांजरी गावाच्या पुढे एका व्यसनमुक्ती केंद्रात मी नोकरी धरली. कोथरूडहून स्कूटरवरून पार शहर ओलांडून जायचं, एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला नव्या इमारती. तिथे दाखल केलेल्या मुलांचे आईबाप माझ्यासमोर बसत आणि बहुतेक सगळे एकच विचारत, आमचं काय चुकलं? मी त्यांना समजावत असे. चांगलंच समजावत असे, असं तिथल्या सिस्टर म्हणायच्या.

जून आला. देवधरांची नात रेघा मारलेला कागद घेऊन दारात उभी राहिली. बाबांनी तिला आतही घेतलं नाही. "माझा हात आता बरोबर नाही, बाळ. दुसऱ्या कोणाकडून तरी भरून घे." मी आतल्या खोलीत होते, मला शब्द न् शब्द ऐकू आला. त्या आठवड्यात आणखी चौघं आले आणि गेले. मग येणं बंद झालं. फुटपट्टी माळ्यावर गेली. बाबा दुपारी टेबलाशी बसून पेपर वाचत, तोच तो. आई एकदा चिडून म्हणाली, "अहो, एक फॉर्म चुकला म्हणून काय जन्मठेप आहे का?" ते म्हणाले, "तो फॉर्म माझ्या मुलीचा होता."

तरीही मी बोलले नाही. आधी अर्ज जाऊ दे म्हटलं, मग मुलाखती होऊ दे म्हटलं. कारणं मला कधी कमी पडली नाहीत. दुसऱ्या वर्षी तीनच मुलाखती मिळाल्या. यादी भरायच्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन बाबांसमोर बसले, तर ते उठून गॅलरीत गेले. "मी बघणारसुद्धा नाही. एकदा नुकसान केलंय तुझं." मी एकटीनेच भरली.

आणि तो सोमवार. यावेळी तारीख कोणालाच सांगितली नव्हती. केंद्रातून तासभर लवकर सुटका होती, पण निघता निघता एक वडील आले. दोन एकर ऊस, वीस वर्षांचा मुलगा आत. ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "म्याडम, लहानपनी मी त्याला लई मारलाय. त्याच्यामुळंच झालंय का ह्ये? खरं काय हाय त्ये सांगा. मला समजंना म्हनून झोप न्हाई."

त्यांना मी जे सांगायचं ते सांगितलं. मारणं बरोबर नव्हतं हेही सांगितलं आणि हा आजार फक्त त्यातून येत नाही हेही. ते डोळे पुसून म्हणाले, "आधी कुनी सांगितलं आसतं तर बरं झालं आसतं." मी स्कूटर काढली. हडपसरच्या गर्दीत अडकले. एकच हिशेब डोक्यात फिरत होता. साडेसातच्या आत सांगायला हवं. निकाल चांगला लागला तर खरं सांगण्याला काहीच किंमत उरणार नाही, आणि वाईट लागला तर मी पुन्हा "हं" म्हणेन, मला माझी खात्री होती.

घरी पोचले तेव्हा सव्वासहा झाले होते. बाबा नव्हते. आई म्हणाली, "मंडईला गेलेत. कोथरूडमध्ये भाजी उगवत नाही ना." मग हळूच म्हणाली, "त्यांना घरात थांबवत नव्हतं गं."

तशीच वळले. म्हात्रे पूल, टिळक रस्ता, बाजीराव रस्ता, प्रत्येक सिग्नल लाल. बाबा फोन उचलत नव्हते. मंडईच्या दगडी इमारतीत दोन फेऱ्या मारल्यावर ते सापडले, उंच गाळ्यावर बसलेल्या एका बाईसमोर, कैऱ्या निवडत होते. एक उचलायची, दाबायची, परत ठेवायची.

"बाबा, क्रम चुकला नव्हता."

त्यांनी वर पाहिलं नाही. मी तिथेच, भाजीवालीसमोर, सगळं बोलून टाकलं. क्रमाने असं होत नाही, पाचही ठिकाणी मी नको होते, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं. माझा आवाज चढला असणार, कारण शेजारच्या गाळ्यावरचा लिंबूवाला बघायला लागला.

"त्याच दिवशी माहीत होतं?"

"हो."

"आणि मी देवधरांच्या नातीला दारातून परत पाठवलं, तेव्हा तू घरात होतीस."

"हो."

हातातली कैरी त्यांनी इतकी दाबली, की बाई म्हणाली, "काका, घ्यायची नसंल तर तिचा जीव कशाला घेताय?" बाबांनी ती घेतली. पैसे दिले, पिशवी उचलली आणि चालायला लागले. पार्किंगमध्ये स्कूटरशी आल्यावर विचारलं, "किती वाजले?"

"सात पंचवीस."

"मग थांबू इथेच."

पाच मिनिटं आम्ही दोघं स्कूटरच्या दोन बाजूंना उभे होतो. आयुष्यात मला इतकी भीती वाटली नव्हती, आणि कशाची जास्त वाटत होती ते आजही सांगता येणार नाही. फोन वाजला. मला उघडवेना, मी तो त्यांच्याकडे दिला. त्यांनी चष्मा लावला. दोनदा वाचलं.

"जुळलंय असं लिहिलंय."

मी रडले. ते रडले नाहीत, पिशवीची गाठ सोडून पुन्हा मारत राहिले. मग म्हणाले, "दहा मिनिटं थांबली असतीस, तर सांगायची वेळच आली नसती."

"म्हणूनच थांबले नाही."

त्यांनी पिशवी हँडलला अडकवली. स्कूटरवर मागे बसले आणि माझ्या खांद्याऐवजी मागचा दांडा धरला. घरापर्यंत तसाच. पुढचे चार दिवस कामापुरतं बोलणं. आईला जुळल्याचा आनंद धड करता येईना. मला वाटलं, जागा मिळाली आणि बाबा गेले.

शुक्रवारी कळलं, ओहायोतलं एक लहान शहर, माझ्या यादीतलं तिसरं, म्हणजे शेवटचं. बाबा पेपरमागून म्हणाले, "यादी मला दाखवली असतीस, तर हेच पहिलं लिहायला लावलं असतं." आई ओट्याशी एकदम हसली. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "अगं, माझी फुटपट्टी कुठे टाकलीस?" ती म्हणाली, "तुम्हीच टाकलीत, माळ्यावर."

आता इथे येऊन वर्ष झालं. शिफ्ट, पेशंट, नोट्स, बर्फ, पुन्हा शिफ्ट. पोळपाट रोज लागतो. बॅगा पलंगाखाली आहेत, आकड्यांसकट. पोचल्याबरोबर मी आधी तीन नंबरचीच उघडली होती, आणि तसं बाबांना त्याच दिवशी कळवलं. "वाटलंच होतं," ते म्हणाले.

गेल्या रविवारी सकाळी फोन केला. तिकडे संध्याकाळ, आणि जून. आईने फोन उचलून टेबलाकडे वळवला. चार मुलं, त्यांच्या आया, मध्ये बाबा. "अहो, लेक आहे फोनवर." ते न बघता म्हणाले, "तिला म्हणावं थांब जरा, इथे पसंतीक्रम चाललाय." आईने फोन टेबलावर उताणा ठेवला आणि चहा टाकायला गेली. मला फक्त छताचा पंखा दिसत होता. मी फोन बंद केला नाही. पूर्वी घर म्हटलं की मला माझी खोली आठवायची, माझं कपाट, माझी वाट बघणारी माणसं. आता हे टेबल आठवतं, जिथे माझ्यावाचून काम चालू आहे. वर्षभर ते माझ्यामुळे बंद होतं. तिथे कोणाला माझ्यासाठी वेळ नाही याचा इतका आनंद होईल, असं मला वाटलं नव्हतं.

पंख्याखालून पेन्सिलीचा आवाज येत होता. मग एका मुलीचा बारीक आवाज आला, "आजोबा, आणि यातलं एकही नाही मिळालं तर?"

बाबांनी रेघ पूर्ण केली असावी, कारण उत्तर जरा उशिरा आलं.

"तर इकडे येऊन मला सांगायचं. त्याच दिवशी."