न चुकलेला शनिवार

छापखान्यात दोन गोष्टी आपोआप होतात. खिळे हरवतात आणि किस्से साठतात. खिळे म्हणजे शिशाची अक्षरं. देवळीच्या ‘यशोदाकाठ’ साप्ताहिकात मी ती सात वर्षं जुळवली. हरवलेले खिळे काही सापडले नाहीत, किस्से मात्र चार माणसं भेटली की आजही मला आवरत नाहीत.

संपादक होते मधुभाऊ. त्यांचे वडील अण्णाजी, कापडाचे दुकानदार. पायानं चालवायचं छपाईचं मशीन त्यांनीच घेऊन दिलं, पण एका अटीवर.

“दर शनिवारी पेपर निघाला पायजे. एक शनिवार चुकला का मशीन विकतो, अन् तू दुकानात येऊन बसजो.”

दुकानातल्या कापड मोजायच्या लोखंडी गजाची मधुभाऊंना भारी धास्ती. शनिवारी पहिला अंक अण्णाजींच्या हातात पडेपर्यंत आमच्या कोणाच्या जिवात जीव नसायचा.

*

पवनारचे आमचे वार्ताहर म्हणजे तिथले मास्तर. बातमी बसच्या ड्रायव्हरजवळ पाठवायचे. बस चुकली तर अंक चुकेल, म्हणून कार्यक्रम व्हायच्या आधीच बातमी लिहून मोकळे व्हायचे. एकदा ‘भजनस्पर्धा थाटात पार पडली, पहिला नंबर खालच्या आळीचा’ असं छापून आलं. स्पर्धा झालीच नव्हती, ऐनवेळी पेटी बिघडली होती.

मधुभाऊ माफी मागायला पवनारला गेले आणि हसत परत आले. गावकरी त्यांना म्हणाले, “पेपरात आलं न भाऊ, आता खोटं कसं पडू द्याचं? रविवारी घेऊन टाकतो.”

स्पर्धा थाटात झाली. पहिला नंबर खालच्या आळीलाच दिला!

*

पेपरचं नाव लाकडी ठशात कोरलेलं होतं. त्याच्या खाली ‘देवळी, जि. वर्धा, मध्यप्रदेश’. पुढे आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला. नवा ठसा नागपूरहून यायचा तर पंधरा दिवस. मशीनवाल्या सुखदेवनं करवत आणली आणि मध्यप्रदेश कापून टाकला.

“आता तिथं मुंबई राज्य केव्हा बसवतोस?” मधुभाऊंनी विचारलं.

“थांबा न भाऊ. सरकारचा काय भरोसा? जागा ठेवली हाये.”

मी होतो तोवर ती जागा रिकामीच होती.

*

अण्णाजींच्या दुकानाची जाहिरात दर अंकात असायची. वर एका फेटेवाल्याचा ठसा. एका शुक्रवारी घाईत मी तो उलटा बसवला. दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक विचारतं, “अण्णाजी, हा माणूस डोक्यावर काऊन उभा हाये?”

अण्णाजींनी चष्म्यावरून पाहिलं. “आमचं कापड पाहून राह्यला. खुश झाला असन.”

मी मात्र दिवसभर दुकानासमोरून जायचं टाळलं.

*

त्याच संध्याकाळी मला हिवताप आला. आता, आमच्याकडे खिळे मोजकेच. अंक छापून झाला की जुनी पानं सोडायची, अक्षरं आपापल्या खणात टाकायची, मग नवा अंक जुळवायचा. हे काम येणारा मी एकटाच. पुढच्या शुक्रवारी दुपारी लटपटत छापखान्यात गेलो, तर मागच्या अंकाची पानं सुतळीनं बांधलेली तशीच पडलेली. नव्या अंकाची एक ओळही तयार नव्हती.

मधुभाऊ स्टुलावर बसून होते. “संपलं रे. सोमवारपासून गज.”

माझ्या आजारपणापायी या माणसाचा पेपर चालला होता. मला तोंड वर करवेना.

सुखदेव म्हणाला, “तारीख बदलू अन् तेच छापू. कोण वाचते एवढं?”

हे मधुभाऊंना फार लागलं, पण दुसरा इलाज नव्हता. त्यांनी तारीख बदलली. मी तेवढा फेटेवाला सुलटा केला.

शनिवारी अंक वाटून झाले. दहा वाजले, अकरा वाजले, गावात कोणी हूं की चूं केलं नाही. सुटलो म्हणावं की रडावं, हे मधुभाऊंना कळेना. बाराच्या सुमाराला अण्णाजी आले. छापखान्यात ते कधी पाऊल टाकत नसत. हातात दोन अंक होते, मागचा आणि आजचा.

दोन्ही त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी पसरले. एकेका ओळीवर बोट ठेवत चारही पानं पाहिली. सुखदेव मशीनच्या मागे गेला. शेवटी बोट जाहिरातीवर थांबलं.

“मागल्या हप्त्यात हा उलटा होता.”

“हो अण्णाजी,” मी कसंबसं म्हणालो.

“आता सुलटा केला. बरं केलं.”

अंकांची घडी केली, बगलेत मारली. मधुभाऊंकडे पाहिलं. “शनिवार चुकला नाई.”

मग दारात थांबून माझ्याकडे वळले.

“अन् तू तापाचं कोयनेल घेजो.”