अननसाच्या डब्यातला किसनचा वाटा

फौजेत असताना बर्फातल्या एका पोस्टवर आम्ही तिघेच होतो. मी हवालदार, माझ्या हाताखाली नाईक किसन आणि एक रेडिओ ऑपरेटर. किसन बारवीकडच्या पाड्यावरचा. परवा त्याच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उल्हासनगरला झालं, म्हणून मी तिला आमच्या शिरगावच्या फ्लॅटवर घेऊन आलो. मावशीला जेवण जाईना. काय खाणार विचारलं तर म्हणाली, "किसन सुट्टीत सांगायचा ना, ते डब्यातलं अननस दे."

उल्हासनगरच्या कॅम्प तीनच्या बाजारातून डबा आणला. सकाळी सूनबाईनं रिंग ओढली. रिंग हातात आली, झाकण जागच्या जागी.

"पप्पा, कटर नाहीये घरात. शेजारी विचारू का?"

"आण इकडे!" मी उगाच खेकसलो. सुरी घसरली. स्क्रू ड्रायव्हर घसरला. च्यायला, उभा जन्म फौजेत काढला आणि एक डबा फुटेना! खोलीत येरझाऱ्या घातल्या. म्हातारी डोळ्यावर पट्टी बांधून पलंगावर बसलेली, सगळं ऐकत होती. तिनं मागून मागितलं काय, तर एवढंच. शेवटी गॅलरीत गेलो, डबा उलटा केला आणि त्याची कड खडबडीत सिमेंटवर घासायला लागलो. कड झिजली की झाकण सुटतं.

"कसला आवाज रं?" मावशीनं विचारलं.

"डबा फोडतोय. किसननंच शिकवलं. तो दगडावर घासायचा."

तिनं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. मग म्हणाली, "गेला त्या दिवशी जेवला व्हता का माझा पोर? खरं सांग."

आजवर तिनं हे कधी विचारलं नव्हतं. मला भीती मात्र याचीच होती.

"नाही मावशी."

मग सगळं सांगितलं. ब्लिझार्ड, म्हणजे बर्फाचं वादळ, थांबत नव्हतं, रेशन वर पोचलं नव्हतं. एक अननसाचा डबा उरलेला. किसननं तो फोडला. जो डबा फोडेल तो शेवटी खाणार, ही रीत पोस्टवर त्यानंच घातली होती. आम्ही दोघांनी खाल्लं. डबा त्याच्या हातात गेला आणि रेडिओ बोलला.

"अल्फा, टेलिफोन लाइन डेड है. चेक करो. ओव्हर."

"मी बघून येतो, साहेब," किसन म्हणाला. "माझा वाटा ठेवा."

तंबूमागच्या उतारावरून बर्फ सुटलं, ते त्याच्या अंगावर आलं. दुसऱ्या दिवशी तो सापडला. डब्यात त्याच्या फोडी तशाच गोठून होत्या.

सांगता सांगता झाकण सुटलं. सूनबाईनं अननसाची वाटी मावशीच्या हातात दिली. मावशीनं ती धरून ठेवली, तोंडाला लावली नाही.

"वाढणाऱ्यानं मागनं जेवायचं, हे त्याला मीच सांगायची," ती म्हणाली. "कशाला शिकवलं रं मी त्याला तसं!"