आक्काच्या हातचं बेणं

नवऱ्यापुढं हे मी कधी बोलले नाही. मुलींपुढं नाही. आणि जिच्यापुढं बोलायला हवं होतं तिच्यापुढं तर नाहीच. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही ते सोपं जात नाहीये.

आधी आक्काबद्दल सांगते. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन कडेगावजवळच्या आमच्या वस्तीवर आले तेव्हा घरात ती एकटी होती. थोरले दीर विहीर खोदताना दरड कोसळून गेलेले, सासू-सासरे त्याच्याही आधी. माझा नवरा फौजेत, वर्षातून एकदा रजेवर यायचा. म्हणजे घर, गोठा आणि एकरभर हळदीचं रान, सगळं आम्हा दोन बायांवर.

मी साताऱ्याची, शाळेत गेलेली. रानातलं मला काही येत नव्हतं. त्यावरून आक्का मला कधी टोचून बोलली नाही. हळद लावायची कशी, काढायची कशी, काहिलीत शिजवताना वास बदलला की जाळ कधी ओढायचा — सगळं तिनं शिकवलं. पहिल्या बाळंतपणात मला माहेरी जायला जमलं नाही, तेव्हा माझं आणि बाळाचं सगळं तिनंच केलं. तिला स्वतःला मूल नव्हतं. माझ्या मुली तिच्याच मांडीवर वाढल्या. मी आज जी काही आहे त्यातलं तिचं बाजूला काढलं, तर माझं म्हणून काय उरेल?

आता बेण्याचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. हळद काढली की त्यातले जाड गड्डे पुढच्या लागणीसाठी बेणं म्हणून वेगळे ठेवतात. सावलीत त्यांचा ढीग लावायचा, वर हळदीचा पाला पसरायचा, त्यावर माती-शेणाचं लिंपण करायचं. आत ओल राहिली तर बेणं कुजतं, फार सुकलं तर उगवत नाही. आक्काचा ढीग कधी कुजला नव्हता. आसपासच्या वस्त्यांवरची माणसं ढीग लावायच्या दिवशी तिला बोलवायला यायची. "वैनी, तुमचा हात लागला म्हंजे काळजी न्हाई," म्हणायची. विधवा बाईला एरवी कुणी चांगल्या कामाला बोलवत नसत. हळदी-कुंकवाला नाही, लग्नात घाणा भरायला नाही. या एका कामाला मात्र बोलवत. त्या दिवशी आक्का धुतलेलं लुगडं नेसायची आणि माझ्याशी जरा जास्तच बोलायची.

हळदीच्या भावाचं मात्र तिच्याही हातात काही नव्हतं. लागोपाठ दोन वर्षं भाव पडला. एका वर्षी सांगलीच्या पेठेत नेलेली हळद न विकता परत आणली, पुढच्या वर्षी जुनी-नवी एकत्र करून मिळेल त्या भावाला घातली. आक्का म्हणायची, "पडतुया तसा चढंल की." तिला ते सोसत होतं. मला नाही. भाव सांगलीत ठरणार आणि फोडणीत तेल किती पडणार ते त्यावरून इथं ठरणार — याची मला भीती बसली होती. भाव पडला तरी चालत राहील असं काहीतरी मला हवं होतं. शिलाई मशीन हवं होतं. मी शाळेत शिवण शिकले होते.

तिसऱ्या वर्षी भाव खरंच चढला. पण आम्ही पीक आधीच विकून मोकळ्या झालो होतो. आता ज्यांनी हळद मोडून भुईमुगाच्या शेंगा लावल्या होत्या तेच बेणं शोधत फिरायला लागले. त्याच दिवसांत लोणंदकडं आक्काच्या भावाची बायको बाळंत झाली आणि आक्का महिनाभर माहेरी गेली. जाताना म्हणाली, "ढिगाकडं बघ गं तेवढं."

मी बघितलं.

कऱ्हाडकडचा एक बेणेवाला गाडी घेऊन वस्तीवर आला. भर दुपारी, गावात लग्न होतं, सगळी तिकडं गेली होती. त्यानं किंमत सांगितली. ती ऐकल्यावर मी फार वेळ घेतला नाही — घेतला असता तर बरं झालं असतं का? माहीत नाही. ढिगाची मागची बाजू फोडून आम्ही चांगलं बेणं काढलं. थोडं ठेवलं, आत पाला कोंबला, पुन्हा लिंपून टाकलं. मग साताऱ्याला जाऊन एका फौजी माणसाच्या बायकोचं जुनं मशीन घेतलं. माहेरी सांगितलं, नवऱ्यानं पैसे पाठवले. सासरी सांगितलं, वडिलांनी दिलं. दोन्हीकडच्यांनी एकमेकांना कधी विचारलं नाही.

पण मधलं एक राहिलं. ते सांगायला जड जातंय. मागं ठेवलेलं थोडं बेणं चांगलं निघालं असतं तर बाकीचं गेलं कुठं, हे आक्कानं विचारलं असतं. म्हणून मी विहिरीवरून पाणी आणलं आणि लिंपणाला भोक पाडून त्या ढिगात ओतलं. एकदा नाही, रोज. आक्का यायच्या आदल्या दिवसापर्यंत. जनावरांना पाणी पाजावं तशी घागर घेऊन जायचे मी.

इथपर्यंत लोभाचं झालं. नुसतं तेवढंच असतं तर कदाचित मी तुम्हाला तसदी दिली नसती.

आक्का आली. बाळाच्या गोष्टी सांगितल्या, मुलींसाठी आणलेले खाऊचे लाडू काढले, मशीन बघून त्याला हळद-कुंकू लावायला मला सांगितलं. स्वतः लावलं नाही. दुसऱ्या दिवशी लागणीसाठी तिनं ढीग उघडला. वास आला. तिनं कोपरापर्यंत हात आत घातला आणि काळा गाळ बाहेर काढला. ढीग एवढासा का झाला, हे तिनं विचारलंच नाही. कुजून बसला असंच तिला वाटलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "म्या वलं असतानाच झाकलं का गं?"

मला गप्प राहता आलं असतं. ऊन लागलं, वळवाचा पाऊस झाला, उंदरानं भोक पाडलं असेल — काहीही म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "व्हय आक्का. मला तवाच वाटलं हुतं. पर तुमाला कसं सांगायचं?"

हेच ते. एवढं एक वाक्य. पैशासाठी ते बोलायची काही गरज नव्हती. ते मी का बोलले? तिचा संशय माझ्यावर येऊ नये म्हणून? की ढीग लावायला तिला बोलवत आणि मला कुणी बोलवत नसे, म्हणून? मला अजून नीट सांगता येत नाही.

आक्का म्हणाली, "सांगायचंस की गं. मी काय रागावले असते व्हय."

त्या वर्षी आम्ही हळद लावली नाही. ज्वारी केली, शेंगा केल्या. आणि बघा कसं असतं — सगळ्या मुलखानं हळद लावली होती, पुढच्या वर्षी भाव जो आपटला तो लोकांचा लागणीचा खर्चही निघाला नाही. आम्ही वाचलो. वर माझं मशीन चालू होतं. परकर, चोळ्या, शाळेचे गणवेश. शेजारी म्हणायचे, तुमचं बेणं कुजलं ते बरं झालं. आक्काही म्हणायची. तेव्हा सांगून टाकायला किती सोपं होतं! नुकसान झालंच नव्हतं. ती हसलीसुद्धा असती. मी नाही सांगितलं.

कारण नुकसान झालं होतं, आणि ते मला रोज दिसत होतं. पुढच्या हंगामात लोक तिला बोलवायला आले तेव्हा तिनं हात जोडले. "माझ्या हाताचं आता काय खरं न्हाई, बाबांनो." दोन वर्षांनी बोलवणं थांबलं. नंतर ती लोणचंही घालेना. कैऱ्या चिरून द्यायची, मीठ मोजून द्यायची आणि बरणी माझ्यापुढं सरकवायची. मी मशीनवर बसले की शेजारी बसून काज-बटणं करायची. काम सुबक करायची, मुलींना गोष्टी सांगत, गुणगुणत. त्या मशीनवर माझ्या दोन्ही मुली शिकल्या. थोरली नोकरीला लागली तेव्हा आक्का तिला म्हणाली, "तुझ्या आईनं मशीन आणलं म्हणून झालं हे सगळं." मी खाली मान घालून शिवत राहिले.

एकदा शेजारच्या वस्तीवरची नवी सून आली, बेणं कसं ठेवायचं ते विचारायला. आक्कानं तिला माझ्याकडं पाठवलं. म्हणाली, "हिला इचार. हिला लय कळतं त्यातलं." मी तिला सांगितलं. सावली कुठली बघायची, पाला किती दिवस सुकवायचा, लिंपण किती जाड — आक्कानं मला शिकवलेलं शब्दन् शब्द. आक्का तिथंच बसून मान डोलवत ऐकत होती, जशी काही नवीन ऐकत होती.

ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटचं वर्ष अंथरुणावर होती. तिचं सगळं मी केलं, ते करायला मिळालं हे माझं भाग्य समजते. फौजेतून परतलेला नवरा रानात असायचा, त्या वर्षात ती आणि मी दोघीच घरात असायचो, दिवसचे दिवस. वेळ भरपूर होता. मी तिचे पाय चेपायचे, केस विंचरायचे. ती म्हणायची, माझ्या आईनं केलं नसतं एवढं तू केलंस.

मला घर मिळालं, मुली शिकल्या, पोटाला कधी कमी पडलं नाही, आणि यातलं बहुतेक सगळं तिच्यामुळं मिळालं. बेणं मी कुजवलं. तिचा हात चांगला होता, आणि तिला ते माहीत नसताना ती गेली.