नवरा मागे, पालामिडी पुढे

ग्रीसला जायचं ठरलं ते भांडणातून. २००२ सालची गोष्ट. आम्ही दुबईत, ऊद मेथाला राहत होतो. नवऱ्याच्या व्हिसावर असलेल्या बाईला तेव्हा ड्रायव्हिंग लायसन्ससाठी नवऱ्याची एनओसी लागायची, आणि आमचे श्रीकांतराव ती काही केल्या देत नव्हते. पुण्यात कॉलेजपासून मी मोटरसायकल चालवलेली, आणि इथे भाजी आणायलाही टॅक्सी! शेवटी म्हटलं, "एनओसी नको देऊस. मला ग्रीसचे किल्ले दाखव, मोटरसायकलवर." तो चक्क हो म्हणाला. एनओसीपेक्षा ग्रीस सोपं वाटलं असावं.

इंटरनॅशनल परमिट मी सुट्टीत पुण्याहून करून आणलं. कशाला, हे त्याने विचारलंही नाही.

अथेन्सहून बसने अडीचेक तासांत नाफ्प्लिओ. गाव देखणं. बंदरासमोर पाण्यात एक चिमुकला किल्ला आणि डोक्यावर पालामिडीचा अवाढव्य तट. गाड्या भाड्याने देणाऱ्या म्हाताऱ्याने श्रीकांतचं दुबईचं लायसन्स पाहून मान हलवली. "ओन्ली कार." मग माझं परमिट पाहिलं. "मॅडम ड्राइव्ह."

किल्ली माझ्या हातात आली. श्रीकांत म्हणाला, "दिवसाला तीस युरो, म्हणजे शंभरेक दिरहम, म्हणजे तेराशे रुपये देऊन मी मागे बसायचं?"

"मग चालत ये," मी म्हटलं.

पालामिडीला पायऱ्यांनी जाऊ नका, गुडघे बोलतात. मागच्या बाजूने डांबरी रस्ता थेट दरवाजाशी जातो. सकाळी लवकर गेलात तर एकामागून एक बुरुज तुमच्या एकट्याचे. मला तिथे गप्प बसायचं होतं, पण साहेब खाली उभ्या गाडीचं लॉक तपासायला दोनदा जाऊन आले.

तिथून लिओनिदिओपर्यंतचा रस्ता समुद्राला चिकटून जातो. या रस्त्यासाठी पुन्हा ग्रीसला जाईन. कडा, वळण, खाली निळंशार पाणी, आणि कानाशी अखंड, "हळू! ब्रेक! अगं, हॉर्न दे!" शेख झायेद रोडवर नाकासमोर गाडी चालवणारा माणूस मला घाट शिकवत होता. वाटेत तिरोसला मांदेलीसारखी छोटी मासळी कुरकुरीत तळून मिळाली. घास तोंडात होता तेवढा वेळ सूचना बंद होत्या.

लिओनिदिओला शनिवारी संध्याकाळी मी पंपाकडे वळले, तर मागून, "यल्ला, चल, आधी हॉटेल बघू. उद्या रविवार, सगळं उघडंच असणार. सुट्टीचा शुक्रवार तर गेला!" गल्फमध्ये इतकी वर्षं काढल्यावर मलाही ते बरोबर वाटलं.

रविवारी पंपाला साखळी. पुढे कोस्मासच्या डोंगरात कुठला पंप! पलीकडच्या उतारावर गाडी आचके देत बंद पडली. सपाटीपर्यंत घरंगळत आलो आणि तिथे, भर उन्हात, श्रीकांत म्हणाला, "म्हणूनच म्हणतो, बायकांना गाडीचं..."

माझं डोकंच फिरलं. "खलास! एक शब्द बोलू नकोस. ढकल!"

त्याने ढकलली. मी हात लावला नाही. रस्त्याकडेच्या ऑलिव्हच्या बागेतल्या एका शेतकऱ्याने आमची वरात पाहिली आणि हसत हसत डब्यातून पेट्रोल आणून दिलं. पैसे घेतले नाहीत.

मोनेमवासिया म्हणजे समुद्रातला एक खडक आणि त्याच्या आडोशाला दडलेलं तटबंदीचं गाव. पुलावरून जायचं, आत शिरायला एकच दरवाजा. गाडी बाहेर ठेवावी लागते. तटावर बसलो असताना श्रीकांत हळूच म्हणाला, "चांगली चालवतेस गं."

"दुबईतही चालवेन."

"तिथलं ट्रॅफिक वेगळं."

मी उठून खाली निघून आले. इतका सुंदर सूर्यास्त आणि मी तो रागाने बघितलाच नाही, याचा राग अजून आहे.

परत आल्यावर मी धुमसतच होते. रोज तोच विषय. शेवटी त्याने एनओसीवर सही केली, आणि त्या शुक्रवारी मित्रमंडळी जेवायला आली तेव्हा स्वतःच जाहीर केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी म्हणालं, "वहिनी, असा मोठ्या मनाचा नवरा मिळायला नशीब लागतं!"

श्रीकांत लाजला. सगळ्या ग्रीसभर गाडी मी चालवली, आणि टाळ्या त्याच्या सहीला.