लांब दांड्याचा रेचा

समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई चालू होती आणि त्यामुळे आमच्या कापसावर व्यापाऱ्यांच्या उड्या पडत होत्या. वलगावात घरोघरी कापसाचे ढीग होते, पण त्यातली सरकी काढायला माणसं नव्हती. मजूर सगळे बडनेऱ्याकडे, आगगाडीच्या रस्त्यावर माती टाकायला गेलेले. आमच्या घरी रेचा चालवायला सासूबाई आणि मी, दोघीच.

रेचा म्हणजे साधी वस्तू. दोन लाटणी एकमेकींना घासतील अशी बसवलेली आणि बाजूला फिरवायचा दांडा. एकीने फिरवायचं, दुसरीने कापूस लावायचा. रुई पलीकडे जाते, सरकी अलीकडे गळते. फिरवण्याचा मान सासूबाईंचा. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी तो दांडा कुणाच्या हाती दिला नव्हता. त्या वर्षी मात्र त्यांचा खांदा धरला. दुपारपर्यंत कशाबशा फिरवत, मग हात मांडीवर ठेवून बसून राहत.

"तिले आता भाकरी थापू दे," सासरे मला म्हणाले. "दांडा तू धर."

सासूबाई तिथेच होत्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

मला रुसवे काढत बसायला वेळ नव्हता. जात्याचा खुंटा कडेला असतो तो उगाच नाही. मध्याकडे सरकवला तर जातं हलता हलत नाही. सुताराला बोलावलं आणि रेच्याला जुन्याहून वीतभर लांब दांडा करवून घेतला.

सासूबाईंनी फिरवून पाहिला. "अवो बाई, हे तं लोण्यावानी फिरून राहिलं!"

सासऱ्यांनीही एका हाताने फिरवून पाहिला आणि तडक अमरावती गाठली. येत्या बाजाराला नेहमीच्या दुप्पट रुई आणतो, असं व्यापाऱ्याला सांगून आले.

"मामाजी, कावून सांगतलं?" मी म्हटलं. "हलका फिरते, लवकर नाई फिरत. हात केवढा मोठा फेरा घेते, पाहा ना."

"तुले काय समजते? हलकं झालं म्हंजे जास्ती निंगंनच."

दांडा पुन्हा सासूबाईंनीच धरला होता. बाजाराच्या आदल्या दिवशी ढीग पाहिला. सासूबाई धडधाकट होत्या तेव्हा निघायची तेवढीच रुई निघाली होती. दुसरं काय होणार? तेवढ्या कापसाला लाटण्यांचे फेरे तेवढेच लागतात. लांब दांड्याने त्यातला एकही माफ केला नव्हता. एका दुखऱ्या खांद्याला उचलतील एवढे कामाचे तुकडे करून ते दिवसभर पसरून दिले, एवढंच.

सासरे संतापले. "काढ तो दांडा. जुना बसव. मी फिरवतो, पाहतो कसं निंगत नाई ते."

धोतर खोचून बसले. सुरुवातीला रेचा असा सुटला की शेजारच्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. कापूस लावायला सासूबाई बसल्या होत्या. ऊन अंगणात मधोमध आलं तसे फेरे मंदावले, मग थांबले.

"थकले काय?" सासूबाईंनी विचारलं.

"थकून नाई राहिलो. कापूस ओला हाय."

"मीच वाळवला तो."

दारातल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. सासऱ्यांनी उठून धोतर झटकलं आणि संध्याकाळपर्यंत ते घरात आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी होती तेवढी रुई भरून गाडी निघाली. अर्धी रिकामीच. सासरे जुवाशी बसले, बैलांकडे पाहत मला म्हणाले, "तो लांबवाला बसवून दे तिले."

व्यापारी त्यांना काय म्हणाला ते त्यांनी घरी कधी सांगितलं नाही. मी आत वळले तर सासूबाईंनी लांब दांडा आधीच रेच्यापाशी आणून ठेवला होता. मी खुंटी ठोकली. त्या आपल्या जागी बसल्या आणि मी कापूस लावायला घेतला.